पाद्री जॉन वेअर फूट: चार फलकांच्या कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४, हॅमिल्टन (ओंटारियो, कॅनडा)

११ नोव्हेंबरच्या, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनासाठी आमच्या इथल्या मराठी कुटुंबांनी यंदा स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं आहे. सभागृहाबाहेरच्या मोकळ्या जागेत चार उभे फलक मराठीत लावायचे आणि प्रत्येक फलकासोबत ऐकायला एक ध्वनिफीत ठेवायची. विषय मी सुचवला होता, तो आज सगळ्यांनी मान्य केला: जॉन वेअर फूट, प्रेसबिटेरियन पाळक आणि सैन्यातले पाद्री.

जेम्स स्ट्रीट नॉर्थवरच्या आर्मरीला, म्हणजे सैन्याच्या इमारतीला, त्यांचं नाव आहे. आपली मुलं बसमधून त्या इमारतीसमोरून जातात. नाव सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे, पण हा माणूस कोण होता हे बैठकीत कुणालाच सांगता आलं नाही.

मजकूर मी लिहायचा, मांडणी भाच्याने करायची, वाचायला मावशी. मावशींनी पुण्यात आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांच्या तोंडी न बसणारं वाक्य फलकावर जाणार नाही, हा नियम आजच ठरला.

८ सप्टेंबर

पहिल्या फलकाची माहिती एकत्र केली. जन्म ५ मे १९०४, ओंटारियोतल्या मॅडॉक गावी. शिक्षण वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात, किंग्स्टनच्या क्वीन्समध्ये, मग मॉन्ट्रियलच्या प्रेसबिटेरियन कॉलेजात. पाळक म्हणून आधी क्वेबेकमधल्या फोर्ट-कूलाँजला, ओटावा नदीकाठच्या छोट्या गावात, आणि नंतर लेक ओंटारियोच्या काठावरच्या पोर्ट होपला. डिसेंबर १९३९ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीन-साडेतीन महिने होतात न होतात तोच, ते कॅनडाच्या सैन्यातल्या पाद्री-सेवेत दाखल झाले. वय पस्तीस. नेमणूक रॉयल हॅमिल्टन लाइट इन्फन्ट्रीकडे, म्हणजे आमच्याच शहराच्या पलटणीकडे. तिच्या जवानांना इथे ‘रायलीज’ म्हणतात.

त्यांचा हुद्दा ‘मानद कॅप्टन’ असा लिहिला जातो. पाद्र्याला अधिकाऱ्याचा दर्जा असतो, पण तो कुणाला लढाईचा हुकूम देत नाही. हत्यारही बाळगत नाही. पहिल्या फलकावर हे ठळक यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१४ सप्टेंबर

बैठकीत प्रश्न आला: प्रेसबिटेरियन म्हणजे नेमकं काय? बहुतेकांना कॅथलिक माहीत आहेत, गोव्यामुळे आणि वसईमुळे. मला हे घरचंच आहे. मी मिरजेची. आमच्या आजोबांनी वानलेस हॉस्पिटलात नोकरी केली आणि आमचं कुटुंब तिथल्या मिशनच्या मंडळीतलं. ते हॉस्पिटल १८९४ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने सुरू केलं आणि ते उभं करणारे डॉक्टर विल्यम वानलेस हे जन्माने ओंटारियोचेच. मिरजेला ज्या परंपरेने दवाखाना दिला, त्याच परंपरेतले फूट. हे एक वाक्य फलकावर घेते आहे. आपल्या वाचकाला पाय ठेवायला तेवढी जागा पुरे.

समजावून सांगायचं ते इतकंच. या परंपरेत बिशप नाही. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार बघतात. पाळक वरून नेमून पाठवला जात नाही, मंडळी त्याला बोलावते. त्याने रविवारचा उपदेश करायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मयताला जायचं, आणि बोलावलं त्या लोकांसोबत राहायचं.

आणखी एक संदर्भ मला मोलाचा वाटतो, पण फलकावर मावणार नाही. १९२५ मध्ये कॅनडातल्या मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बऱ्याचशा प्रेसबिटेरियन मंडळ्या एक झाल्या आणि युनायटेड चर्च ऑफ कॅनडा उभं राहिलं. साधारण एक तृतीयांश प्रेसबिटेरियन त्यात गेले नाहीत. फूट याच, बाहेर राहिलेल्या आणि लहान झालेल्या चर्चचे पाळक. आपल्याकडेही त्याच सुमारास, १९२४ मध्ये, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या होत्या. मंडळी फुटते तेव्हा घरं कशी फुटतात हे आमच्या घरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात असायचं. एकविसाव्या वर्षी फूट यांनीही ते आसपास पाहिलं असणार.

२१ सप्टेंबर

दुसरा फलक: दिएप, १९ ऑगस्ट १९४२. आठवडाभर याच एका फलकावर आहे, आणि असू दे.

आधी लढाईची मांडणी. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं दिएप हे बंदर जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथे समुद्रातून छापा घालायचा, काही तास शहर धरून ठेवायचं आणि परत यायचं, असा बेत. उतरणारं मुख्य सैन्य कॅनडाचं, जवळपास ५,०००. वाटेत पहाटेच एका तुकडीची जर्मन जहाजांशी गाठ पडली आणि किनाऱ्यावरचे लोक सावध झाले. मोठ्या युद्धनौकांचा मारा नाही, आधी जोरदार बॉम्बफेकही नाही. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यांवर आणि समोरच्या हॉटेलांत मशीनगन. रायलीज उतरले ते शहरासमोरच्या मुख्य किनाऱ्यावर, कॅसिनोच्या इमारतीपुढे.

या किनाऱ्यावर वाळू थोडी आणि गोटे फार. मुठीएवढे, त्याहून मोठे, पायाखालून सरकणारे. रणगाड्यांच्या साखळ्या त्यात अडकून तुटल्या. माणसाला खड्डा खणून आडोसा करता येत नाही. वर पडणारा प्रत्येक तोफगोळा दगडांच्या ठिकऱ्या उडवतो. हे कळल्याशिवाय फूट यांनी काय केलं हे कळत नाही, म्हणून फलकाचा पहिला परिच्छेद गोट्यांवरच लिहिला आहे. भाच्याला फोटो घ्यायचा होता पडलेल्या रणगाड्याचा. मी त्याला मोकळ्या किनाऱ्याचा घ्यायला सांगितलं.

पलटणीच्या डॉक्टरने प्रथमोपचाराचं ठाणं मांडलं ते किनाऱ्यावरच्या एका उथळ खळग्यात. झोपून राहिलेल्या माणसालाच तिथे आडोसा मिळत होता. उभं राहिलं की संपलं. फूट डॉक्टरच्या मदतीला होते. पण ते खळग्यात थांबले नाहीत. पुन्हा पुन्हा उठून उघड्यावर जात, जखमींना मॉर्फिनची सुई देत, पट्ट्या बांधत आणि उचलून ठाण्यावर आणत. हे चाललं सुमारे आठ तास.

मग समुद्राचा हिशेब आड आला. सैन्य उतरलं ते भरतीच्या सुमारास. सकाळ चढत गेली तसं पाणी मागे हटत गेलं. एक लँडिंग क्राफ्ट, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी बोट, कोरडी पडली होती, तिच्या आडोशाला ठाणं हलवलं. फूट तिथेही जखमी वाहून आणत राहिले. त्या बोटीतल्या दारूगोळ्याला शत्रूच्या माऱ्याने आग लागली, तेव्हा आत ठेवलेल्या जखमींना त्यांनी बाहेर काढलं. अकराच्या सुमारास परत न्यायला बोटी आल्या, त्या ओहोटीच्या वेळी. म्हणजे जखमीला घेऊन गोट्यांचा आणि ओल्या वाळूचा सगळा उघडा पट्टा ओलांडायचा, आणि वरून गोळीबार चालू. फूट यांनी ती फेरी किती वेळा केली याचा आकडा मी कुठेही लिहिणार नाही. किमान तीस जणांचे जीव त्यांच्यामुळे वाचले असं मानलं जातं, तेवढं फलकावर आहे.

आकडे: रायलीजचे ५८२ जण या मोहिमेवर गेले, १९७ मेले. सगळ्या कॅनडियन तुकड्या मिळून ९१६ मृत, सुमारे १,९५० कैदी. इंग्लंडला परतले ते २,२०० च्या आसपास.

२२ सप्टेंबर

नकाशा साधा ठेवायचा: पाणी, गोटे, बांध, हॉटेलं, कडे. बाण नकोत.

२९ सप्टेंबर

तिसरा फलक. त्यांचं नाव ज्या एका कृतीने ओळखलं जातं ती. म्हणूनच ती लिहायला सगळ्यांत जपून.

परत जायची संधी फूट यांना त्या सकाळी अनेकदा मिळाली होती. जखमीला बोटीवर चढवलं की तिथेच बसून राहायचं, इतकं सोपं. प्रत्येक वेळी ते किनाऱ्यावर उलटे फिरले. शेवटची बोट निघायची वेळ आली तेव्हा ते बोटीत होते. तिथून उतरले आणि चालत जर्मन मोर्चांच्या दिशेने गेले. मागे राहिलेले जवान आता कैदी होणार होते, त्यांच्यासोबत आपण असावं म्हणून.

बैठकीत एका काकांनी विचारलं, हे भावनेच्या भरात घडलं असेल, नाही? मी आठ तासांकडे बोट दाखवलं. जो माणूस सकाळपासून प्रत्येक फेरीला तोच निर्णय घेत आला आहे, त्याची शेवटची फेरी भावनेच्या भरात कशी असेल? त्याच्या मंडळीतली बरीचशी माणसं किनाऱ्यावर होती आणि मंडळी जिथे असेल तिथे पाळक असतो. फोर्ट-कूलाँजला आणि पोर्ट होपला त्यांनी हेच काम केलं होतं. दिएपला त्याची किंमत वेगळी होती, काम तेच होतं. मला या चार फलकांतून सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळी माहिती त्याच्या आधाराला आहे.

कायद्याची एक बाजू आहे, ती चौकटीत देते आहे. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार सैन्यातले पाद्री आणि वैद्यकीय माणसं शत्रूच्या हाती लागली तरी त्यांना युद्धकैदी धरायचं नाही, वाट मोकळी होताच परत पाठवायचं. प्रत्यक्षात तसं क्वचितच होई आणि अनेक पाद्री छावण्यांतच राहिले. फूट यांच्याकडे शस्त्र नव्हतं, ते कुणाचे कैदी होण्याच्या नियमात बसत नव्हते, तरी जवळपास पावणेतीन वर्षं कैदेत होते. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तीत सुटकेची तारीख ५ मे १९४५ आहे. त्या दिवशी त्यांना एक्केचाळीस वर्षं पूर्ण झाली.

५ ऑक्टोबर

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. रायगडातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे, नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही हा सन्मान इटलीतल्या लढाईसाठी मिळाला. घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर आपले जखमी साथीदार गोळीबारातून पाठीवर वाहून आणले आणि मग शत्रूचे मशीनगनचे मोर्चे गप्प केले. इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या सेनेत मराठे आणि कॅनडियन दोघेही होते.

फूट यांच्या फलकाशेजारी या दोघांचा उल्लेख हवाच, असं मावशींचं म्हणणं. मलाही पटलं. जाधव आणि फूट या दोघांच्या प्रशस्तीत जखमी वाहून आणणं आहे. एकाच्या हाती नंतर टॉमी गन आली, दुसऱ्याच्या हाती शेवटपर्यंत काहीच नव्हतं. दोन वेगळी कर्तव्यं, आणि दोघांनीही आपापलं पुरं केलं.

फूट यांचा सन्मान जाहीर झाला १४ फेब्रुवारी १९४६ ला, लढाईनंतर साडेतीन वर्षांनी. उशीर का, हे उघड आहे: ज्यांनी त्यांना किनाऱ्यावर पाहिलं त्यांतले बरेचसे स्वतःच तारेच्या कुंपणामागे होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले पाद्री सगळ्या इतिहासात पाच. पहिले जेम्स अ‍ॅडम्स, १८७९ च्या अफगाण युद्धातले. तीन पहिल्या महायुद्धातले. पाचवे फूट. कॅनडाचे ते एकटेच.

१२ ऑक्टोबर

कैदेचा भाग तिसऱ्या फलकाच्या उत्तरार्धात घ्यायचा ठरवला. इथेही लोक पटकन पुढे सरकतात: किनारा, पकडले गेले, सन्मान, संपलं. मधली पावणेतीन वर्षं कुणी सांगत नाही. मला तर किनाऱ्यापेक्षा तीच जड वाटतात. किनाऱ्यावर आठ तास अंगात जोर असतो, करायला काम असतं. छावणीत एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो.

दिएपच्या कैद्यांचं एक विशेष हाल झालं ते माहीत असायला हवं. किनाऱ्यावर जर्मनांना छाप्याचा लेखी आदेश सापडला. त्यात पकडलेल्या जर्मनांचे हात बांधावेत अशी सूचना होती. त्याचा बदला म्हणून ८ ऑक्टोबर १९४२ पासून लाम्सडॉर्फच्या छावणीत दिएपच्या कैद्यांचे हात दिवसभर बांधून ठेवायला सुरुवात झाली, आधी दोरीने, नंतर बेड्यांनी. हे नोव्हेंबर १९४३ पर्यंत चाललं. जेवताना, पत्र लिहिताना, शौचाला जाताना हात बांधलेले. ज्यांच्यासोबत राहण्यासाठी फूट बोटीतून उतरले ती माणसं ही.

कॅनडानेही उलट जर्मन कैद्यांना बेड्या घातल्या. ओंटारियोतल्या बोमनव्हिलच्या छावणीत जर्मन अधिकाऱ्यांनी त्याला विरोध केला आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये तिथे बरीच मारामारी झाली. बोमनव्हिल तेव्हा डरहॅम काउंटीत होतं. पोर्ट होपही त्याच काउंटीत. म्हणजे फूट तिकडे कैदेत असताना त्यांच्या जुन्या मंडळीच्या उंबऱ्यापाशी जर्मन कैदी होते, आणि दोन्हीकडे बेड्या होत्या त्या एकाच आदेशामुळे. नकाशावर मी ही दोन ठिकाणं एकाच रंगाने दाखवायला सांगितली आहेत.

१९ ऑक्टोबर

चौथा फलक: युद्धानंतर.

१९४८ पर्यंत ते पाद्री-सेवेत राहिले, म्हणजे सगळी मिळून जवळपास नऊ वर्षं. त्याच वर्षी ओंटारियोच्या विधिमंडळावर निवडून आले, त्याच डरहॅममधून. १९५० मध्ये मंत्री झाले. खातं कुठलं? ‘रिफॉर्म इन्स्टिट्यूशन्स’, म्हणजे सुधारगृहं, प्रांताचा तुरुंग-कारभार. १९५७ पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं.

कुणी ठरवून दिलं की योगायोगाने आलं, ते असो. जो माणूस आपल्या पायांनी चालत कैदेत गेला, त्याच्याकडे सात वर्षं कैद्यांची जबाबदारी होती. आमच्या फलकाचं शीर्षक मी ‘कैद्यांसोबत’ ठेवलं आहे. एकाने ‘राजकीय कारकीर्द’ सुचवलं होतं. कारकीर्द होती, पण या फलकापुढे थांबणाऱ्या मुलाला ती कशाशी जोडलेली आहे हे आधी कळलं पाहिजे.

मंत्री म्हणून केलेल्या कामांची यादी घालून या फलकाचं सरकारी पत्रक करायचं नाही. खातं, वर्षं, मतदारसंघ. पुढे थोडी मोकळी जागा.

२६ ऑक्टोबर, कोबर्ग

भाचा आणि मी गाडीने कोबर्गला गेलो. फूट २ मे १९८८ ला इथेच वारले, चौऱ्याऐंशीवा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. कोबर्ग युनियन दफनभूमीत त्यांची कबर आहे. फोटो काढले, दोन चांगले आले. येताना पोर्ट होपमधून आलो. गाव उतारावर आहे आणि नदी मधोमध वाहते. एक पाळक घरोघर पायी जाऊन सगळ्यांना ओळखेल एवढंच ते असणार त्या काळी.

त्यांनी आपला व्हिक्टोरिया क्रॉस स्वतःकडे ठेवला नाही, पलटणीला देऊन टाकला. चौथ्या फलकावर ही ओळ शीर्षकाच्या लगेच खाली घ्यायची.

दिएपजवळ ओतो-सूर-मेरला कॅनडियन युद्ध-दफनभूमी आहे, त्याचाही फोटो मिळाला. तिथले शिळाफलक दोन-दोन रांगांत पाठीला पाठ लावून आहेत, कारण मृतांना जर्मनांनी पुरलं आणि त्यांची पद्धत तशी होती. नंतर ते तसेच ठेवले. हा फोटो दुसऱ्या फलकाच्या तळाशी, आकड्यांच्या शेजारी.

२ नोव्हेंबर

वाचनाची तालीम. मावशींनी चारही मजकूर मोठ्याने वाचले. ‘अतुलनीय’, ‘असीम’, ‘देदीप्यमान’ या शब्दांवर त्या थांबल्या आणि काहीही न बोलता पेन्सिलीने काट मारली. बरोबर केलं. खळग्यात फक्त झोपलेल्या माणसाला आडोसा होता, हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं ठेवलं.

बैठकीत दोन आक्षेप आले, दोन्ही प्रामाणिक होते म्हणून इथे नोंदवते. पहिला: दिएप ही तर पराभवाची लढाई, स्मृतिदिनाला तिची आठवण कशाला? माझं उत्तर असं की पाद्र्याचं काम जय-पराजयावर अवलंबून नसतं. जिंकलेल्या पलटणीतही जखमी असतात, आणि हरलेल्या पलटणीतल्या जखमींना तर कुणी उरलेलं नसतं. फूट यांची आठवण दिएपमुळे झाकोळत नाही. उलट तिथेच ती नीट दिसते.

दुसरा आक्षेप: आपल्यात बहुतेक हिंदू, मग पाद्री का? त्याला उत्तर मावशींनीच दिलं. आळंदी-पंढरीच्या वाटेवर थकलेल्याला मागे टाकून दिंडी पुढे जात नाही हे आपण लहानपणापासून पाहतो, मग हा माणूस आपल्याला परका कसा? त्यावर काका म्हणाले, वाचा पुन्हा एकदा तो बोटीचा भाग.

६ नोव्हेंबर

फाइल छापायला दिली. ध्वनिफितींत तिसरी सगळ्यांत लांब झाली आहे, कैदेमुळे. कापायची नाही असं ठरलं. घाडगे आणि जाधव यांची चौकट तिसऱ्या फलकाच्या डाव्या बाजूला, जिनिव्हा कराराची उजव्या बाजूला.

पोर्ट होपच्या एका वाचनालयाने फलक डिसेंबरात तिकडे ठेवता येतील का असं विचारलं आहे. मजकूर मराठीत असला तरी चालेल, सोबत इंग्रजी पान आम्ही करू, असं ते म्हणाले. हो कळवलं. ज्या गावाने त्यांना पाळक म्हणून बोलावलं होतं, तिथे हे फलक आपल्या भाषेत जाणार याचा मला मनापासून आनंद आहे. आता त्या इंग्रजी पानासाठी मजकुराचा गोषवारा करायचा आहे, आणि भाच्याला नकाशाची मोठी प्रत काढायला सांगायची आहे. फोर्ट-कूलाँज त्यावर अजून दाखवायचं राहिलं आहे.